भारोभार

सटवाजी मापाड्यानं भुजंगाकडं एकदाच पाहिलं. पायापासून वर, मग परत डोक्यापासून पोटापर्यंत खाली, आणि पोटावर जरा थांबून. मोंढ्याच्या बाजारात गाडीवरून कापसाचा बोजा उतरला की काट्यावर चढवायच्या आधी सटवाजी असाच पाहायचा, आणि त्याचा अंदाज सहसा चुकत नसे. दिनकररावांनी हसत हसत विचारलं होतं, "सटवाजी, पोराची गूळतुला करायचीय आमच्या. गूळ किती सांगू ते बोल." "लेकराचं वजन तोंडानं बोलू न्हाई मालक, दिष्ट लागती," असं म्हणून सटवाजीनं खांद्यावरचा रुमाल काढला, आपल्या आणि दिनकररावांच्या हातांवर टाकला, आणि सौद्याचा भाव सांगावा तसा रुमालाखाली बोटं दाबून आकडा सांगितला. भुजंग पेढीच्या उंबऱ्याशी उभा होता. त्याला फक्त रुमाल हललेला दिसला. एकदा, मग परत, मग परत. आपल्या बापाच्या भुवया वर गेलेल्या दिसल्या. "असं म्हणतोस? मग चुडाव्याच्या गुऱ्हाळालाच सांगावं लागंल, रेल्वेनं येऊ दे," असं म्हणून दिनकरराव मोठ्यानं हसले. सटवाजी हसला, दोन हमाल हसले, आणि सवयीनं भुजंगही हसला. हसताना त्याच्या लक्षात आलं की आपण पोट आत ओढून धरलंय आणि श्वास घ्यायचा राहिलाय.

घरी जाताना तो कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला धरून सावलीतून चालला. ऊन नव्हतं म्हणावं तसं, पण सावलीत माणूस कमी दिसतो असं त्याला वाटायचं. चौदा वर्षांचा होता तो. चालताना मांड्या एकमेकींना घासायच्या, धोतर ओलं व्हायचं आणि काचायचं, आणि त्या काचण्याचा एक बारीक आवाज यायचा जो, त्याची खात्री होती, रस्त्यावरच्या प्रत्येकाला ऐकू जात असणार. रुमालाखाली काय हललं असेल? किती बोटं? त्याच्या अंगाबद्दल दोन माणसांना आता असं काही ठाऊक होतं जे त्याला ठाऊक नव्हतं. स्वतःच्या हातांकडं त्यानं पाहिलं. मनगटावर बाळाच्या मनगटासारखी वळी होती अजून. हीच वळी धरून गल्लीतल्या चतुराबाई कधीकाळी मुका घ्यायच्या. "सुमनबाई, लेकरू न्हवं, लोण्याचा गोळा हाय," म्हणायच्या. तेव्हा माय त्याच्या गालाला काजळाचा ठिपका लावायची. गोळा तोच होता, चतुराबाई त्याच होत्या. मधे कोणत्या दिवशी हे फिरलं? कोणत्या दिवशी गल्लीचं कौतुक संपलं आणि त्याच तोंडांतून "आला बघा डुलत" निघायला लागलं? तो दिवस सापडला असता तर भुजंगाला बरं वाटलं असतं. पण तसा दिवस नव्हता. जेवताना भाकरी संपावी आणि कळू नये, तसं ते संपलं होतं.

त्याच्या आधी सुमनबाईंची तीन लेकरं गेली होती. एक तर चालायला लागलेलं. हे भुजंगाला कुणी बसवून सांगितलं नव्हतं. ते घरातच होतं, चुलीच्या धुरासारखं. चौथा भुजंग झाला आणि दोन वर्षांचा असताना गोवरात हाडाचा सापळा झाला. तेव्हा सुमनबाई नरसिंहाच्या देवळात उंबऱ्यावर डोकं टेकून म्हणाल्या, "देवा, हे एक ठेव. तुझ्या दारात ह्याच्या भारोभार गूळ वाटीन." देवानं ठेवलं. पण तुला त्या साली झाली नाही, कारण पाऊस नव्हता. पुढल्या साली आजी गेली, सुतक आलं. मग पटकीची साथ आली, मग लढाई सुरू झाली आणि गुळाचा भाव चढला, आणि नवस राहत गेला. राहत गेला तसा भुजंग वाढत गेला. बाळसं म्हणजे जगणं आणि रोडपण म्हणजे तिरडी, एवढं एकच गणित त्या माउलीला ठाऊक होतं. पहिला घास देवाचा, दुसरा गेलेल्या लेकरांच्या नावाचा, मग भुजंगाचा. "खा बाबा. तुज्या नावाचा नगं तर माज्या नावाचा खा." तो खाई. नको म्हणालं की तिच्या डोळ्यांत जे येई ते पाहण्यापेक्षा भाकरी सोपी होती. वरून तूप. तुपावर गूळ.

शाळेत, म्हणजे फौकानियात, कवायतीचे मास्तर त्याला "पहेलवान" म्हणायचे. मास्तरांच्या मनात वाकडं काही नव्हतं. पळताना तो मागं राहिला की ते स्वतः थांबून "आ जाव, पहेलवान, आ जाव, कोई जल्दी नहीं" म्हणायचे. पण ते थांबले की सगळी रांग थांबायची आणि वळून पाहायची. लढाईमुळं सरकारची लेव्ही होती, घराघरातून ज्वारी मोजून जात होती. पोरं म्हणायची, "सरकार लेव्ही कुठं हुडकायलंय रे? ती तर भुजंगाच्या पोटात हाय!" सगळ्यांत मोठ्यानं भुजंग हसायचा. आपणच आधी हसलं की दुसऱ्याचं हसणं कमी लागतं, हे तो शिकला होता. अलीकडं मात्र सकाळी जिनिंगचा भोंगा झाला की अंथरुणातच त्याच्या छातीत काहीतरी बसायचं, ओल्या पोत्यासारखं, आणि उठवत नसे. डोळे उघडे ठेवून तो आढ्याकडं पाहत पडे. काही दुखत नसे. दुखलं असतं तर सांगता आलं असतं. मायनं कपाळाला हात लावून पाहिलं, ताप नव्हता. मग तिनं दुधात हळद आणि दुप्पट तूप घालून दिलं.

ते पोतं उतरायची एकच जागा होती. पाथरीचे बन्सीधरबुवा देवळात कीर्तनाला उभे राहिले की भुजंग मागं टाळ घेऊन उभा राही. बुवांचा गळा असा की पहिल्या आलापालाच समईची ज्योत सरळ उभी राहिल्यासारखी वाटावी. वीणा छातीशी, कपाळावर बुक्का, पाय थिरकायला लागले की साठीचे बुवा विशीचे होत. तिथं भुजंगाला अंग नसे. हात असत, टाळ असत, आणि नामाचा तो एक चढत जाणारा घोष, ज्यात आपला आवाज कुठं संपला आणि दुसऱ्याचा कुठं सुरू झाला हे कळत नसे. घामानं तो भिजे, पण तिथला घाम वेगळा, सगळ्यांनाच आलेला. एकदा बुवा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले होते, "भुजंगराव, तुमच्या टाळात ठाय आहे हो, लय ढळत नाही." ते वाक्य तो वर्षभर पुरवून खात होता.

देवळातल्या नामसप्ताहाची इजाजत पोलिसांच्या अमीनसाहेबांकडून मिळाली, मांडव पडला, आणि शेवटच्या दिवशी काल्याच्या कीर्तनानंतर भुजंगाची तुला असं ठरलं. चुडाव्याहून गूळ आला. माजघरात पाटावर केळीचं पान मांडून सुमनबाईंनी ढेपी रचल्या, वरून सोवळ्याचं वस्त्र टाकलं. घरभर त्याचा वास, गोड आणि किंचित आंबूस. "ह्याला कुणी शिवू नका," तिनं सांगितलं, "आता हा देवाचा झाला. आणि भुजंगा, तुज्या भाराचा गूळ तू तर जिभेला सुदीक लावायचा न्हाई. लाविला तर नवस उष्टा हुतो." भुजंग त्या राशीकडं पाहत राहिला. ती जवळजवळ त्याच्या खांद्याला लागत होती. वस्त्राखाली कुणीतरी मांडी घालून बसल्यासारखी दिसत होती. तर रुमालाखाली हे होतं. हे एवढं.

सप्ताहाच्या पहिल्या संध्याकाळी बुवांनी आख्यान लावलं ते तुळाभाराचंच. सत्यभामा देवाला पारड्यात बसवते, दागिने टाकते, भांडार रितं करते, पारडं हलत नाही. आणि रुक्मिणी एक तुळशीचं पान टाकते. हजारदा ऐकलेलं, पण बुवांनी असं रंगवलं की बायका पदरानं डोळे पुसत होत्या. भुजंग मागं टाळ धरून उभा होता आणि त्याच्या मनात एक नवीनच गोष्ट आली होती. देव एवढा जड होता. एवढा की राजवाडा पुरला नाही. आणि कुणी हसलं नाही. जड असून कुणी हसलं नाही असा एक जण आहे, या विचारानं त्यानं टाळ छातीशी घट्ट धरला, आणि तेवढ्यात बुवा गर्रकन मागं वळले. चेहरा प्रेमानं फुललेला. "पण मायबापहो, एक सांगतो," बुवा म्हणाले, "रुक्मिणीमातेचं काम एका पानावर भागलं. काल्याच्या दिवशी आमच्या ह्या भुजंगरावांना बसवाल, तर पान टाकून बघू नका हो! अख्खं तुळशीबन संपंल आन् पारडं म्हणंल, पुढं चला!" मांडव फुटला हसण्यानं. दिनकरराव मांडीवर थापा मारून हसले. बायकांच्या बाजूला माय पदराआड हसत होती, अभिमानानं, की बुवांनी भर कीर्तनात आपल्या लेकाचं नाव घेतलं. बुवांनी ताल धरायची खूण केली आणि भुजंगानं टाळ वाजवला. बरोबर समेवर वाजवला. फक्त आता त्याला हात होते, पोट होतं, मांड्या होत्या, मान होती, आणि हे सगळं मांडवातल्या उजेडात उभं होतं.

बुवांचा राग त्याला आला नाही. आला असता तर बरं झालं असतं असं त्याला पुढचे दिवस वाटत राहिलं, कारण राग बाहेर जातो. हे आत गेलं. दुसऱ्या दिवशी त्यानं मायला सांगितलं, "सप्ताहभर उपास करतो." सुमनबाई गडबडल्या, पण दिनकरराव म्हणाले, "करू दे की. तुलेचा मानकरी हाय, सोवळंओवळं पाळायला पायजेल." आणि मग सगळी गल्ली कौतुक करायला लागली. "बघा, एवढं अंग आन् एवढा निग्रह. देवाचंच लेकरू." चतुराबाईंनी तर कित्येक वर्षांनी त्याच्या गालाला हात लावला. भुजंग पाणी प्यायचा, आणि दुपारी मायनं हातात ठेवलेलं केळं गोठ्यात गाईपुढं टाकायचा. पोटात आधी आग पडली, मग आग विझली आणि एक पोकळ, हलकं, थंड काहीतरी आलं. त्यात त्याला पहिल्यांदाच एक सुख सापडलं. उठताना डोळ्यांपुढं काजवे चमकायचे आणि त्याला वाटायचं, मी उडायलोय. आपण कमी होतोय. रुमालाखाली सांगितलेला आकडा खोटा पडणार. पारड्यात बसू आणि चार-दोन ढेपींतच पारडं उचलेल, आणि सगळे गप्प होतील. उरलेल्या गुळाकडं सगळे बघत राहतील. हे चित्र तो दिवसभर पुन्हा पुन्हा पाही.

आणि मग एका दुपारी घरात कुणी नव्हतं. माय देवळात फुलांच्या माळा करायला गेली होती. भुजंग पाण्यासाठी माजघरात आला आणि त्या वासात उभा राहिला. पुढचं त्याला नंतर नीट आठवेना. वस्त्र बाजूला कुणी केलं? दात ढेपेत कसे गेले? गूळ घट्ट होता, कडेनं फुटत नव्हता, तो कुत्र्यासारखा तोंडानं ओरबाडत होता, गालांना, नाकाला, छातीला चिकटत होता, आणि खाताना चव लागतच नव्हती; नुसतं गिळणं, नुसतं आत लोटणं, जसं आत कुणी दुसरंच हात पसरून बसलंय आणि त्याला द्यायचंय, द्यायचंय. थांबला तेव्हा दम लागला होता. ढेपेला पाहिलं तर दातांच्या खुणा. त्या क्षणी एक विचार त्याच्या डोक्यात इतका सरळ आला की तो खाली बसला: तिकडून काढलेलं इकडं गेलं. त्या पारड्यातलं या पारड्यात. आता तिकडं आणखी लागणार. मी खात गेलो तर तिकडं कधीच पुरणार नाही. मग मायचं वाक्य आठवलं. नवस उष्टा झाला. ज्या गुळाच्या बोलीवर देवानं त्याला ठेवून घेतलं होतं, तो गूळच त्यानं दातांनी फोडला होता. आता देव काय करील? तीन लेकरं त्यानं आधी नेली होती. त्यांनी तर काहीच खाल्लं नव्हतं. मला नेलं तर ठीक, पण मायला नेलं तर?

त्यानं ती ढेप फिरवून खुणांची बाजू आत केली, वस्त्र नीट घातलं, परसात जाऊन घशात बोटं घातली. पण देवाचं आत गेलेलं सगळं काही बाहेर आलं नाही. त्यानंतर तो पाणीसुद्धा घोट-घोट पिऊ लागला. सांगावं असं मनात येई. माय ज्वारी निवडत बसली असताना तो तिच्याजवळ जाऊन बसला एकदा. "माय."

"काय रे राजा?"

"नवस फिटला न्हाई तर काय हुतं?"

सुमनबाईंचा हात सुपात थांबला. "असं अभद्र बोलू न्हाई. फिटणारच हाय." मग त्याचं मनगट हातात घेऊन तिनं दाबून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "भुजंगा, तू वाळायलास रे. नवस फिटंस्तवर तरी वाळू नको. देव म्हणंल, भारोभार बोलली आन् लेकरू वाळवून आणलं, मला फशिवलं. एवढं दूध घे. माज्या नावाचं." त्यानं पेला तोंडाला लावला, आणि ती वळल्यावर दूध चुलीतल्या राखेत ओतलं. फुस्स झालं. राखेतून वाफ वर आली. आता देवालाही फसवलं आणि तिलाही. सांगायचं जे होतं ते त्या वाफेबरोबर गेलं.

काल्याच्या दिवशी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. देवळाचा तराजू पुरायचा नाही म्हणून दिनकररावांनी मोंढ्यातला कापूस जोखायचा मोठा काटा आणवला होता. तिवईला साखळदंडांनी पारडी टांगली होती, त्यांना झेंडूच्या माळा गुंडाळल्या होत्या. काल्याची दहीहंडी फुटली, लाह्या उडाल्या, बुवांचा आवाज बसला होता तरी गोड होता. भुजंगाला सगळं लांबून ऐकू येत होतं, विहिरीच्या तळाशी बसून वरचं बोलणं ऐकावं तसं. नवं सोवळं नेसवून त्याला पारड्यात बसवलं. पारडं खणकन जमिनीला टेकलं. तो आवाज त्याला दातांत जाणवला. सटवाजीनं समोरच्या पारड्यात पहिली ढेप ठेवली, मग दुसरी. "बोला नरसिंह महाराज की जय!" ढेपी चढत होत्या, पारडं हलत नव्हतं. "येऊ द्या, येऊ द्या!" कुणीतरी ओरडलं. "चुडाव्याची गाडी लेट हाय का हो सटवाजी?" हसण्याची लाट आली, गेली, परत आली. भुजंग ढेपी पाहत होता. दातांच्या खुणा असलेली कोणती? ती आता येईल, उजेडात येईल, सगळ्यांना दिसेल. प्रत्येक ढेपेबरोबर त्याच्या कानात एक घण पडत होता. मांडवाचं कापड पांढरं झालं, पिवळं झालं. हातापायांना मुंग्या आल्या. आणि मग त्याचं पारडं जमिनीवरून सुटलं.

सुटलं, आणि त्याबरोबर त्याच्या अंगातून सगळं सुटलं. मान आधी डावीकडं पडली, मग उजवीकडं, ओठ कापायला लागले, साखळदंड धरलेले हात थरथरायला लागले आणि पारडं त्याच्याबरोबर झुलायला लागलं. मग एक बाई किंचाळली, "आलं! वारं आलं! देव आला अंगात!" कुणी हळदकुंकू उधळलं, कुणी संबळ आणा म्हणालं. मागं रेटारेटी झाली. हसणारी सगळी तोंडं एकाएकी हात जोडलेली झाली, जमिनीला टेकायला लागली. एकटे बन्सीधरबुवा वीणा छातीशी धरून उभे होते. पोराच्या सुकलेल्या ओठांकडं पाहता पाहता त्यांचं बोट तारेवर तसंच थांबलं होतं. "अहो," ते म्हणाले, "अहो, पाणी आणा जरा त्या लेकराला." पण बसलेला गळा तो, जयघोषात कुणाला ऐकू गेला नाही.

सुमनबाई गर्दीतून पुढं आल्या. पारड्याबाहेर लोंबणारे लेकाचे पाय त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरले आणि त्यावर कपाळ टेकलं. "देवा, पावलास का रे बाबा? सांग. काई कमी पडलं का? काई चुकलं का? तुज्या तोंडानं सांग, मी दिईन."

भुजंगाला ते ऐकू आलं. विहिरीच्या तळाशी तो एक आवाज स्पष्ट पोचला. त्याला कळलं की आता सगळे ऐकतायत. आयुष्यात पहिल्यांदा, तो जे बोलेल ते सगळा मांडव कान देऊन ऐकणार आहे. गूळ मी खाल्ला, असं सांगायचं होतं. मला भ्या वाटायलंय, असं. सकाळी छातीवर पोतं बसतं, असं. जीभ टाळूला चिकटली होती. त्यानं ती मोठ्या कष्टानं सोडवली.

"माय," तो म्हणाला. "मला खाली उतरीव."

"देव माय म्हणाला!" मागं कुणीतरी हुंदका दिला. "देव सुमनबाईला माय म्हणाला!" आणि जयघोषानं मांडवाच्या कनाती हलल्या.

"माय, मी हाय. भुजंग हाय."

सुमनबाईंनी मान वर केली नाही. तिचे अश्रू त्याच्या पावलांवर गरम पडत होते. "व्हय देवा," ती म्हणाली. "व्हय देवा. कमी न्हाई पडू देणार." आणि तिनं मागं न पाहताच हात हलवून सटवाजीला खूण केली.

लोक धावले. ज्याच्या त्याच्या हातांनी उरलेल्या ढेपी त्या पारड्यात पडायला लागल्या. भुजंगाचं पारडं वर चाललं, आणखी वर, आणि त्याचे पाय हळूहळू मायच्या हातांतून सुटले.